कबरीतला पाहुणा

ता. ९ मार्च

चि. टिटवीस आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. त्यात चार ओळी, त्यांतल्या दोन हवेबद्दल. हवा इथेही आहे. दवाखान्याच्या खिडकीत बसून दिवसभर लोकांचे केसपेपर लिहितेस आणि आजीला लिहायच्या वेळी हात दुखतो होय? लहानपणी तू इतकी बडबडायचीस की शेजारचे दार लावून घ्यायचे. टिटवी नाव मी उगाच ठेवलं नाही. अशी गप्प झालीस म्हणजे काहीतरी पोटात दडवलं आहेस. प्रेमात पडली असशील तर सरळ लिही. पिणारा नसेल आणि आपली ताटली आपण धूत असेल, तर माझं काही म्हणणं नाही.

माझं बरं चाललं आहे. गिरणीत अजून पोती शिवते. मालकाने शिवायचं यंत्र आणलं आहे, पण कुठे फाटलं आहे ते यंत्राला दिसत नाही. तोवर माझ्या दाभणाला काम आहे.

ईस्टर चार आठवड्यांवर आला. कबरीला लावायचा चुना भिजत घातला आहे. यंदाही तुझ्या बापाच्या कबरीची डावी बाजू खचली. दोन पाट्या माती टाकली. अकरा वर्षं टाकते आहे, जाते कुठे कोण जाणे. पाळक म्हणतात पाणी मुरतं. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं, म्हणून मी त्यांना फार विचारत नाही.

आणखी एक, हसू नकोस. दुपारी जेवून डोळा लागला की तो अजून येतो. तोंड दिसत नाही, धुरात असल्यासारखं. उंबऱ्याबाहेर चपला हातात धरून उभा राहतो. आत ये म्हटलं तरी येत नाही. तुझा बाप जिवंत होता तेव्हा चिखलाच्या बुटांनी थेट चुलीपर्यंत यायचा आणि न विचारता भांड्यात हात घालायचा. मेल्यावर रीत शिकला म्हणायचं. पण मला त्या रीतीचंच भय वाटतं. आपल्याच घरात कोणी असं उभं राहतं का?

ईस्टरला ये. रजा देत नसतील तर आजी मेली म्हणून सांग. फार दिवस खोटं राहणार नाही.

लोभ आहेच. पत्र आलं तर वाढेल.
तुझी आजी

ता. १४ मार्च

ती. आजीस प्रभूमध्ये सप्रेम सलाम. वि. वि.

हे पत्र बसून वाच आणि शेजारच्या मास्तरीणबाईंना वाचायला देऊ नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

मी प्रेमात पडलेली नाही. तीन आठवड्यांपूर्वी खिडकीशी एक माणूस आला. लाकडाच्या वखारीतला हमाल, हाताचं बोट ओंडक्याखाली चेंगरलेलं. नाव सांगितलं, वय सांगितलं. जवळचं माणूस कोण विचारलं तर कोणी नाही म्हणाला. रांग मोठी होती, मी मान वर केली नाही. तो समोरच्या बाकावर जाऊन बसला तेव्हा माझी नजर त्याच्या पायांवर गेली. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. तसं मला आहे. आणि तूच सांगायचीस की बाबांना होतं, त्यांचा प्रत्येक बूट तिथेच फाटायचा.

मी उठून बाहेर गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि डाव्या पायातली चप्पल काढली. त्यांनी आधी माझा पाय पाहिला, मग तोंड. मग मला टिटवी म्हणाले.

आजी, बाबा जिवंत आहेत. कागद कारखान्याच्या त्या आगीत ते नव्हतेच. मी त्यांना अधूनमधून भेटते. राग आला की चार दिवस जात नाही, मग पुन्हा जाते. आई मला जन्म देऊन गेली आणि बाबा बाराव्या वर्षी गेले, असं मी आजवर सगळ्या फॉर्मांवर लिहीत आले. आता काय लिहू ते कळत नाही. ते म्हणतात, तू बोलावलंस तर ईस्टरला येतील, नाहीतर मेलो तो मेलोच.

एकच विचारते, रागावू नकोस. तुला ओळख पटवायला नेलं, तेव्हा तू पाय पाहिले होतेस का?

तुझ्या मायेची भुकेली,
टिटवी

ता. १८ मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि गिरणीत जाऊन चार पोती उलटी शिवली. मालकाने पाहिलं आणि माझं तोंड बघून ती पोती बाजूला ठेवली.

नाही पाहिले पाय. कारखान्याच्या आवारात चादरीखाली नऊ जण होते. सातव्याची चादर पोलिसांच्या साहेबाने वर केली. तोंड म्हणून काही उरलं नव्हतं. कोटाचा एक खिसा तेवढा होता आणि त्यावर माझा टाका. मी डावखुरी, माझी गाठ उलटी बसते, पाचशे पोत्यांतून माझं पोतं हमाल ओळखतात. साहेब भला माणूस होता. म्हणाला, बाई, पाय शाबूत आहेत, बूट काढतो, अंगावरची खूण असेल तर बघून घ्या. मी त्याला म्हटलं की माझा टाका मला ओळखता येत नाही होय? मुलगा गेला असं समजत होते, तरी शिलाईचा ताठा काही गेला नाही. त्या ताठ्यात मी पाय पाहिले नाहीत.

शनिवारी पुरलं. दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. प्रभू उठला म्हणून सगळे उभे राहून गात होते, मी एकटी बसून राहिले.

दरवर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी पाळक प्रभूच्या शिष्यावर, थोमावर बोलतात. प्रभू उठला हे मानायला त्याने आधी खिळ्यांचे वण दाखवा म्हटलं, म्हणून त्याला दोन हजार वर्षं बोलणी बसताहेत. मीही मान डोलवत आले. आता वाटतं, त्या बाराजणांत कामाचा तो एकच. त्याने बघायचं तरी म्हटलं. मी न बघता विश्वास ठेवला आणि भलत्याला पुरून आले.

तुझा बाप जिवंत आहे म्हणून मी नाचावं असं तुला वाटत असेल. नाचेन मागाहून. आधी त्याला हे विचार की मग आत कोण आहे? अकरा वर्षं मी माती टाकते ती कोणावर? त्याचं रडगाणं मला नको. एवढं विचार आणि तो सांगेल तसं लिही, मधलं गाळू नकोस.

तुझी आजी

ता. २३ मार्च

ती. आजीस सप्रेम सलाम. वि. वि.

विचारलं. ते वखारीच्या फळीवर बसले आणि एका दमात सांगितलं.

कबरीत आहे तो कारखान्यात नवा होता, जेमतेम दहा दिवसांचा. वय चोवीस. अंगात पातळ सदरा. त्या दुपारी बाबांना पत्त्यांच्या डावाला जायचं होतं. त्यांनी त्याला आपल्या जागी वाळवणखोलीत उभं केलं. मुकादमाला पाठमोरं कळू नये म्हणून आपला कोट आणि बिल्ला दिला. त्याने एका शब्दाने हो म्हटलं, वर कोटाबद्दल आभार मानले. बाबा परत आले तेव्हा छप्पर खाली आलं होतं.

फाटकावर कारकून नावं वाचत होता. बाबांनी आपलं नाव ऐकलं. हात वर करणार होते, पण मग विचारतील की तुझ्या जागी कोण होतं. तेवढ्यात तू साहेबाला टाका दाखवत होतीस. आजी, त्यांनी तुला पाहिलं. गर्दीत वीस पावलांवर उभे होते. ते वळले आणि चालू लागले. ही ओळ मी चार वेळा खोडली, पण तू गाळू नकोस म्हणालीस.

त्याच्या खोलीवरून त्यांनी त्याचं बोचकं आणि कागद उचलले. तेव्हापासून ते त्याच्याच नावावर जगतात. खिडकीत मला सांगितलं तेही त्याचंच नाव. त्याची आई नदीपलीकडच्या वस्तीत टोपल्या विणते. तिला वाटत असणार, मुलगा शहरात गेला आणि विसरला. एकदा बाबा त्या वस्तीच्या वळणापर्यंत गेले होते आणि तिथूनच परतले.

वखारीला लागून चर्च आहे, पण ते आत जात नाहीत. आपल्या पापांसाठी आपल्या जागी दुसरा मेला, हे तिथे लोक आनंदाने गातात. ते म्हणतात, मला ते गाता येत नाही, मी त्याला कोट घालताना पाहिलंय.

बोलावशील का? काही लिही, पण लिही.

तुझी टिटवी

ता. २८ मार्च, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारचा आदला दिवस

चि. टिटवीस आशीर्वाद. वि. वि.

भर दुपारी कबरस्तानात गेले. रोज जाते तिथे परक्यासारखी उभी राहिले. हाक काय मारायची? अकरा वर्षं मी त्याला काय काय सुनावलं आहे! पिण्यावरून शिव्या दिल्या. तुझ्या नोकरीची बातमी सांगितली. सात वर्षांचा असताना दुधाचं पातेलं सांडून मांजरावर घातलंस, ते अजून विसरले नाही म्हणून रडले. तो बिचारा दुसऱ्याच्या आईची बोलणी ऐकत पडला. त्याच्या घरी मांजर होतं की नाही तेही मला ठाऊक नाही.

आणि दारात चपला हातात घेऊन कोण उभं राहतं, ते आता कळलं. त्याला त्याच्या आईने चांगलं वळण लावलं होतं. परवा पुन्हा आला. मी त्याला आत ये बाळा म्हटलं, तर त्याने मागे वळून पाहिलं. मी दुसऱ्या कोणाला तरी बोलावते आहे असं त्याला वाटलं.

पाळकांना सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, त्या माउलीची आशा कशाला मोडा, तुम्हांला देवाच्या कृपेने मुलगा परत मिळाला आहे. मी म्हटलं, ती आशा नाही, ती वाट आहे. वाट बघण्याने माणूस कसं वाळतं ते तुम्हांला ठाऊक नाही. मला निदान मातीत डोकं टेकता आलं. कृपा फुकट मिळते असं तुम्ही शिकवता. घेणाऱ्याला मिळत असेल. देणाऱ्याचं काय जातं ते वधस्तंभाखाली उभ्या असलेल्या आईला विचारा.

गप्प बसले तर सोपं आहे. कोणी काही विचारणार नाही. तुझा बाप दुसऱ्या नावाने वखारीत राहील, मी चुना लावत राहीन, ती टोपल्या विणत राहील. पण माझा जो रविवार, तो तिचा वधस्तंभाचा शुक्रवार आहे. आणि तो शुक्रवार मी अकरा वर्षं माझ्या घरात दडपून ठेवला आहे. मला त्याच्यावर बसून ईस्टरची गाणी म्हणवणार नाहीत.

बापाला सांग, ईस्टरच्या पहाटे ये. घरी नको, कबरस्तानात. तूही ये. बोलावलं म्हणजे क्षमा केली असं समजू नको म्हणावं. ती अजून चुलीवर आहे, शिजेल तेव्हा वाढीन.

तुझी आजी

ता. ६ एप्रिल, ईस्टरचा दुसरा दिवस

नदीपलीकडच्या ताईंस, एका अनोळखी बाईचा सप्रेम सलाम. वि. वि.

मी दोन इयत्ता शिकलेली, आडवळणाने लिहिता येत नाही. हे पत्र भरवशाच्या कोणाकडून वाचून घ्या. ज्याने आणलं त्याच्याकडून वाचून घेऊ नका. आधी खाली बसा.

तुमचा मुलगा तुम्हांला विसरलेला नाही. तो शहरात आल्यावर दहा दिवसांतच कागद कारखान्याच्या आगीत गेला. माझ्या मुलाच्या जागी कामावर उभा होता, माझ्या मुलाच्या कोटात. मी तो कोट ओळखला आणि माणूस ओळखला नाही. त्याला माझा समजून मी पुरलं. चूक माझी आहे, ती कोणाच्या अंगावर ढकलत नाही. अकरा वर्षं तो माझ्या घरच्या जागेत आहे. उघड्यावर नाही. दर ईस्टरला कबर पांढरी केली, पावसाने खचली की माती टाकली, फुलं ठेवली. एक दिवसही एकटा नव्हता. पण त्याला हाक मारणारं त्याचं असं कोणी नव्हतं.

पत्र आणणारा माझा मुलगा आहे. काल पहाटे तो कबरस्तानात आला. आल्या आल्या माझ्या पायाशी बसायला लागला. मी म्हटलं, माझ्या नको, तिकडे बस. क्रूसावर त्याचं स्वतःचं नाव होतं, ते त्याने पटाशीने खरवडून काढलं. सूर्य वर येईपर्यंत खरवडत होता. त्याची मुलगी बादली धरून शेजारी उभी होती. चर्चमध्ये गाणी सुरू झाली, आम्ही तिघं बाहेरच होतो. मग मी त्याला घरी नेलं आणि जेवायला वाढलं. तो बूट बाहेर काढून आला आणि मला रडू फुटलं. का ते त्याला कळलं नाही.

अकरा वर्षांनी मिळालेला मुलगा मी एक दिवस ठेवून घेतला. आज तुमच्या दारात पाठवते आहे. त्याला मारा, दार लावून घ्या, पोलिसांत द्या, पाणी द्या. तुम्ही जे कराल त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. तुमच्या मुलाचे कागद त्याच्यापाशी आहेत, ते परत घ्या. तो राहिला तर तुमची वेताची ओझी उचलेल. परत आला तर माझी पोती उचलेल. तुमचं झालेलं नुकसान त्याने भरून निघत नाही, हे आम्हांला कळतं.

प्रभू उठला असं आम्ही मानतो. तुमचाही उठेल असं पाळक सांगतात, आणि मीही तसं धरून आहे. पण उठेल तेव्हा उठेल. तोवर त्याच्याशेजारी माझ्यासाठी राखलेली जागा आहे, ती तुमची. मला कुठेही टाकलं तरी चालेल.

पत्राच्या शेवटी लोभ असावा म्हणतात. तो मागायला माझं तोंड नाही. एवढंच मागते. कागदावरचं त्याचं नाव आम्हांला ठाऊक आहे, ते क्रूसावर लिहू. पण घरात तुम्ही त्याला काय म्हणून हाक मारायचात, ते कळवा. मला त्याला आत बोलवायचं आहे.

पोती शिवणारी