आमच्या एअरबॅगचा नंबर लागला

आर्वी, जि. वर्धा
शनिवार, दुपारची वेळ (जेवण झालं, झोप आली नाही)

श्रीमान साडूभाऊ बाबारावजी यांना
प्रभाकरचा आर्वीहून सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सारे मजेत आहोत. तुम्ही, कौशल्याबाई आणि चि. विवेक पुण्यात मजेत असाल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. गुडघा कसा आहे? तिकडे लिफ्ट आहे म्हणे, म्हणजे गुडघ्याचं बरं झालं आणि पोटाचं वाईट. माझी शुगर ताब्यात आहे (जिजाबाईच्या ताब्यात, चहात साखर तीच टाकते). चि. जागृतीला आता नववा लागेल. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला हिंगणघाटहून इकडे आणायचं ठरलं आहे, आणि नाव सेवाग्रामच्या दवाखान्यात घातलं आहे. म्हणजे वेळ आली की आर्वीहून सेवाग्रामला गाडी पळवायची. गाडी कोणती, तर पुण्याला जाताना तुम्ही मला दिलेली पांढरी. हे पत्र त्या गाडीबद्दल आहे. मोबाईलच्या जमान्यात हा माणूस पोस्टाने काय लिहितो असं तुम्हाला वाटलं असेल, तर त्याचं कारण तुम्ही स्वतःच आहात. ते पुढे येईलच.

झालं असं की जागृतीचा फोन आला. तिने कुठेतरी वाचलं की आपल्या गाडीच्या कंपनीने काही वर्षांच्या गाड्या परत बोलावल्या आहेत. एअरबॅग फुगवणारी जी डबी असते तिच्यात दोष आहे, ती कंपनी फुकट बदलून देते, आणि आपली गाडी त्यात आहे की नाही हे चेसिस नंबर टाकून कंपनीच्या साईटवर बघता येतं. म्हणाली, बाबा, आजच बघा. मी म्हटलं बघतो. ‘फुकट’ हा शब्द मी जरा मोठ्याने उच्चारला असेन (चाळीस वर्षांची एसटी डेपोची सवय, माईकशिवायही आवाज फलाटाच्या टोकापर्यंत जातो), कारण फोन ठेवतो न ठेवतो तोच शेजारचे किसनराव फाटकात उभे.

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या गल्लीत कोणतीही गोष्ट फुकट मिळते म्हटलं की तिची योजना होते. किसनराव गाडीच्या कागदांसोबत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि पासपोर्ट साईज फोटो घेऊन आले होते. मी म्हटलं, नुसता नंबर पुरे. तर म्हणाले, “असू द्या, मंग धावपळ होते.” पाहुणे म्हणून त्यांचा नंबर आधी टाकला. उत्तर आलं, आपल्या वाहनाला या मोहिमेची गरज नाही. किसनरावांचा चेहरा असा पडला, जसं काही घरकुलाच्या यादीतून नाव उडालं. “आमचा नंबर काऊन नाई लागला, भाऊ? आमी का टॅक्स नाई भरत?” मी समजावलं की अहो, याचा अर्थ तुमची बॅग ठणठणीत आहे, सुखाने जगा. त्यावर ते म्हणाले, “ते बराबर हाये, पण नवीन तर नाई भेटून राह्यली नं!” तलाठ्याचा दाखला जोडला तर काही होईल का, असंही त्यांनी विचारलं.

आता खोटं कशाला बोलू, माझा नंबर टाकताना तो लागावा असंच मीही मनात म्हणत होतो. किसनरावांसमोर आपणही अपात्र ठरलो तर शोभलं नसतं. चक्री फिरली आणि लाल अक्षरात आलं, आपले वाहन या मोहिमेत समाविष्ट आहे. मी खुर्चीतून उठून ओरडलो, “लागला!” किसनरावांनी जड मनाने माझं अभिनंदन केलं आणि पेढ्यांचा विषय काढला. जिजाबाई कणकेच्या हातांनी बाहेर आली. काय लागलं, विचारलं. मी म्हटलं, आपला नंबर. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि लाल अक्षरांच्या खाली जी बारीक अक्षरं होती (जी मी वाचली नव्हती आणि कोणीच वाचत नाही) ती वाचायला लागली. ड्रायव्हरच्या बाजूची, स्टेअरिंगमधली बॅग. धडक झाली तर डबी फुटून तिचे पत्र्याचे तुकडे चालवणाऱ्याला लागू शकतात. तिने ते पुन्हा एकदा वाचलं. मग मला विचारलं, “डायवर म्हंजे कोन?” उत्तर तिला माहीत होतं. किसनराव चहा न घेता घरी गेले.

तेव्हापासून गाडीची चावी गायब आहे. तुरीच्या डब्यात नाही, मी पाहिलं. जिजाबाई माझ्यावर रागावली आहे, का ते सांगत नाही, डबी काय मी बनवली होती? म्हणते, पोरीला एसटीने आणू. आता ज्याने जन्मभर आर्वी डेपोत बसून लोकांना एसटीत बसवलं तो एसटीविरुद्ध काय बोलणार? पण त्या रस्त्याने, तसल्या पोटाने, पोरीला एसटीने आणायचं माझ्या जिवावर येतं. आणि सेवाग्रामला निघायची वेळ टाईमटेबल पाहून थोडीच येते?

वर्ध्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. मुलगी फार गोड बोलली. डबी आलेली आहे, पैसा लागत नाही, थोड्या वेळाचं काम आहे, चहा पाजू म्हणाली. फक्त तारीख नोंदवायला ओटीपी लागेल आणि तो कंपनीकडे नोंदलेल्या मोबाईलवर जाईल. तो मोबाईल तुमचा निघाला. मी म्हटलं, नंबर बदला. म्हणाली, बदलायलाही आधी जुन्या नंबरवर ओटीपी जातो.

म्हणून तुम्हाला फोन केला. पुढे काय झालं ते तुम्ही जाणताच, तरी पुन्हा लिहितो म्हणजे लाज वाटेल. जन्मभर बँकेत बसून, ओटीपी सख्ख्या भावालाही देऊ नका, हे तुम्ही अख्ख्या वर्ध्याला शिकवलं. पण मी भाऊ नाही, साडू आहे. तुम्ही म्हणालात, “आवाज तर प्रभाकररावचाच हाये, पण आजकाल आवाज बी बनवून राह्यले.” मग परीक्षा घेतलीत, माझ्या लग्नात काय कमी पडलं होतं? मी एका श्वासात सांगितलं, बुंदी. तर म्हणालात, “हे तर साऱ्या वर्ध्याले मालूम हाये,” आणि फोन कापलात. व्हिडिओ कॉल केला, तर म्हणालात चेहरेही बनवतात. त्यानंतर माझा नंबर तुमच्याकडे लागतच नाही. म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुम्ही ओळखता. असलं अक्षर काढायला कोणतंही मशीन धजावणार नाही.

बाकी सारं छान चाललं आहे. पाळणा उतरवून रंगवला. नातू होवो की नात होवो, त्या बाळाला सेवाग्रामहून घरी आणताना गाडी मीच चालवणार, हे मी मनाशी पक्कं केलं आहे. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, त्या वेळी पुढ्यातल्या स्टेअरिंगची भीती मनात नको आहे. कौशल्याबाईंना जयभीम, विवेकला आशीर्वाद.

आपला साडू,
प्रभाकर

ता.क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली. माझा नंबर मोकळा करा. गुरुवारी सकाळी तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तो लगेच मला सांगा. कृपा करून तो पोस्टाने पाठवू नका (तुमचा भरवसा नाही). दहा मिनिटांत मरतो.

ता.क. बारशाला यावं. बुंदी भरपूर राहील.

भाऊजी, मी जिजाबाई लिहून राह्यली. हे तिकीट आनाले गेले तवा मी सारं वाचलं. ओटीपीचं काम कालच झालं. तुमी आंघोळीले गेलते, मी कौशल्याले फोन लावला, तिनं तुमच्या फोनातले आकडे वाचून दाखवले. बुधवारी गाडी न्याले कंपनीचा मानूस येते. तुमच्या साडूले आज संध्याकाळी सांगीन. लय मन लावून लिहून राह्यले होते, म्हटलं लिहू द्या. मी रागावली नवती. मले भेव वाटलं होतं.

आता तुमचं. कौशल्यानं तुमच्या पुन्याच्या गाडीचा बी नंबर देल्ला होता, मी तो बी टाकून पाह्यला. तुमचा बी लागला. तिनं सांगतलं तर तुमी म्हनान तिले बी कोनी फसवलं, म्हून मी माह्या हातानं लिहून राह्यली. कंपनीवाले कवाचे तुमाले फोन करून राह्यले अन् तुमी चोर समजून कापून राह्यले. आता वाजला का उचलजा, भाऊजी. ते गाडी विवेक चालवते.