ओटीपी आता माझ्या फोनवर

सोन्या,

आज सकाळी बँकेत जाऊन माझ्या खात्यावरचा तुझा नंबर काढला आणि माझा घातला. ओटीपी येईनासे झाले म्हणून घाबरू नकोस, तुझा फोन बिघडलेला नाही.

बाबा गेले तेव्हा "आई, तुला नाही जमायचं" म्हणत तू स्वतःचा नंबर दिलास. तेव्हा मला बरंच वाटलं होतं. पण मग दुकानासाठी साधं अस्तर मागवलं तरी तुझा ऑफिसातून फोन, "कशाला हवंय?" दुकान माझं, मशीन माझं, गिऱ्हाईक माझं, आणि परवानगी तुझी! परवा कॉम्प्युटरवर कटिंग शिकवणाऱ्या क्लासची फी भरत होते, तर ओटीपी सांगायचा सोडून तू हसलास. "या वयात?" म्हणालास. तिथेच माझं डोकं फिरलं.

बँकेतली मुलगीही तुझीच बहीण शोभली असती. म्हणाली, "काकू, मुलाला सोबत नाही आणलंत?" म्हटलं, "त्याला जगात आणलं, तेवढं पुरे."

तर फी भरली आहे. पहिला तास आज संध्याकाळी आहे. घरी तू मागे उभा राहून सूचना देशील, म्हणून दुकानातच लॅपटॉप उघडून बसणार आहे. हो, लॅपटॉप तुझाच नेलाय. विचारलं नाही. कसं वाटतं ते तुलाही कळू दे.

तास संपेपर्यंत फोन करू नकोस. जेवण फ्रिजमध्ये आहे, तुझं तू गरम करून घे. त्याला ओटीपी लागत नाही.

आई