हिरवळ, हिचा गुडघा आणि तुझं झाड

ती. स्व. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? (मागच्या वेळी फोनवर त्यांच्यापेक्षा खोकलाच जास्त बोलला.) इकडे मी ठीक आहे, डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

त्याचं असं झालं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ही लेकीकडे राहायला गेली, हे तुला ठाऊक आहेच. जाताना म्हणाली, "परत येईन तेव्हा मागच्या अंगणात गवतावर अनवाणी चालायचंय मला." इतक्या वर्षांत हिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, म्हणून मीही छाती काढून हो म्हणालो. ते अंगण तू पाहिलंयस. भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि चिखलात गेलेला पाय परत येतो, चप्पल येतेच असं नाही.

बियाण्यांच्या दुकानदाराने तीन पाकिटं मांडली. पहिलं सावलीत उगवणारं, पण त्याला ओल सोसत नाही. दुसऱ्याला ओल मानवते, पण ऊन हवं. तिसरं दोन्हींचं मिश्रण, म्हणजे निम्मं ओलीने जाणार आणि निम्मं सावलीने, असा माझा समज झाला. जन्मभर मी चष्म्याचे नंबर काढताना लोकांना "हे बरं दिसतं की हे?" विचारून भंडावून सोडलं. या पठ्ठ्याने सगळ्यांच्या वतीने सूड उगवला. शेवटी सावलीचं बी पेरलं आणि ओल घालवायला अंगणात टेबलफॅन लावला. (शेजारी विचारत होते, कुणाला हवा घालताय? काय सांगणार, कपाळ?)

थोड्याच दिवसांत सगळं हिरवंगार झालं. मी कौतुकाने दुकानदाराला बोलावून दाखवलं. त्याने बोटाने खरवडलं, "काका, हे शेवाळ आहे," म्हणाला, वळला आणि सपशेल आडवा झाला. त्याच्या जागी ही असती तर? तेव्हापासून घास गोड लागत नाही बघ.

शेवाळ खरवडून काढलंय. सावलीचंच बी पुन्हा आणलंय, या वेळी पोतंभर. दुकानदार ते परत घेत नाही. (आपटल्यापासून तो माझ्याशी बोलतही नाही.) वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
गोंधळलेला धाकटा

ता. क. : खरं सांगू का, ती सावली तुझ्या झाडाची आहे. कुंपणापलीकडचं तुझं घर बंद, पण झाडाचा सगळा पसारा माझ्याकडे. पानालाही हात लावायचा नाही, असं तू जाताना बजावलं होतंस. हिच्या गुडघ्यासाठी इकडच्या फांद्या छाटायला हो म्हण.

ता. क. २ : फांद्या काल छाटल्या. माळी पुन्हा लवकर मिळाला नसता. तेव्हा होकारावर परवाची तारीख घाल.

ता. क. ३ : पत्र टाकायचं आठवडाभर राहूनच गेलं. आता अंगणात लख्ख ऊन येतं आणि जमीन खडखडीत वाळलीय. हिला फोन केला, तर म्हणाली, "कोरडं आहे ना? मग मी मातीवरही चालेन." ऐकून डोळ्यांत पाणीच आलं रे. पण पोतंभर बी सावलीचं पडून आहे. तुझ्या झाडाला परत फांद्या फुटायला किती दिवस लागतात, तेवढं कळव.