काढलेलं गार्ड

कर्वेनगर, पुणे
३ ऑगस्ट २०२५

चि. समाधान यास,
ताईचा जय भीम आणि आशीर्वाद. वि. वि. मी बरी आहे. तू बरा आहेस असं धरून चालते, कारण फोनवर तू दुसरं काही सांगतच नाहीस. बरा आहे, बरा आहे, मागे रांग आहे, संपलं. म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतची माझी शाळा, लागेल तसं वाच.

तुला शिक्षा लागल्यापासून अकरा महिने वर्कशॉपला कुलूप होतं. परवा ते उघडलं. तुझ्या भाचीनं. आम्रपालीला कॉलेजातर्फे लढाईचा रोबो करायचाय. आठ किलोचं यंत्र, रिमोटवर पळतं, दुसऱ्याच्या यंत्राला धडका द्यायच्या, ज्याचं हलायचं थांबलं तो हरला. याला मार्क आहेत का विचारलं, तर नाहीत म्हणे. पण जिंकणाऱ्यांना एक कंपनी कामावर घेते. सामना नोव्हेंबरात.

बाकीच्या पोरांचे रोबो लाखाचे, हिचा जुन्या बाजारातला. मोटारीचे वायपर हलवणाऱ्या दोन मोटरी, कुठल्याशा व्हीलचेअरची चाकं, पत्रा तुझ्या भंगारातला. पहिल्या दिवशी घरात चालवून दाखवला, तर उंबऱ्यावर उलटला आणि झुरळासारखा चाकं वर करून फिरत बसला. मी हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले म्हणून कळवते.

पण आता तिला पुढं फिरतं पातं लावायचंय, मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांचं. त्यासाठी ट्रकच्या स्प्रिंगचा कमानपाटा आणून ठेवलाय. आणि हे सगळं त्याच शेडमध्ये, जिथं आपला कारागीर सुदर्शन गेला. ग्राइंडर अजून तिथंच आहे, वर पोतं टाकलेलं. मला ते पातं नको. पोर माझं ऐकत नाही, म्हणते तुला त्यातलं काय कळतं. तू लिही. तिच्या डोळ्याला, हाताला काही झालं तर माझ्यापाशी दुसरं काही उरलेलं नाही.

लोभ आहेच, तो पत्रातून मागत नाही.
तुझी ताई,
शर्मिला


येरवडा कारागृह
१२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि. पत्र पोचलं. इथं आधी साहेब वाचतात, मग आपल्या हातात येतं, एवढं लिहिताना ध्यानात ठेव. त्यांनी मला बोलावून विचारलं, की ही लढाई कुणाशी आहे. मी रोबोचं समजावलं. आता ते रोज विचारतात भाचीचं कुठवर आलं.

पातं नको म्हणून ती थांबणार नाही, ती तुझीच मुलगी आहे. तेव्हा नीट करायला सांग. कमानपाटा चांगला, पण कापून लाल तापवून पाणी दिलं, म्हणजे एकदम गार केला, की तो काचेसारखा ठिसूळ होतो. पाणी दिल्यावर घासून पांढरा करायचा आणि परत मंद तापवायचा, निळसर रंग येईपर्यंत. हे दुसरं तापवणं सोडलं तर पात्याचे दात तुटणार. तुटलेला दात गोळीसारखा सुटतो.

आणि पातं उघड्यावर एकदाही फिरवायचं नाही. पॉलीकार्बोनेटची, म्हणजे न फुटणाऱ्या प्लास्टिकची पेटी परवडणार नाही. आपलं लोखंडी कपाट आहे ना, ते रिकामं करून आडवं टाका, रोबो आत, मोबाइल आत, दार बंद. बाहेर दुसऱ्या मोबाइलवर बघा. आम्रूला हे शब्द न् शब्द वाचून दाखव. आधी पेटी, मग पातं.

राहिलेलं बोलायचं नाही असं आपलं ठरलंय. ते तसंच राहू दे. घरात आई पाहिजे.

तुझा मायेचा हात असाच डोक्यावर राहो.
तुझा,
समाधान


कर्वेनगर
१४ सप्टेंबर २०२५

चि. समाधान यास,
जय भीम आणि आशीर्वाद. वि. वि. लिहायला महिना लावला, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, आता नको तेवढं आहे.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. अर्ध्यावर हात वर केला बाईसाहेबांनी. म्हणाली, ज्यानं स्वतः ग्राइंडरच्या दगडावरचं गार्ड काढून ठेवलं आणि माणूस मारला, त्यानं मला पेटीचं शिकवू नये. तिच्या कॉलेजातल्या सरांकडं सगळं आकड्यात आहे म्हणे. मी जेवत होते. तोंडातला घास तसाच गिळला. एवढी तोंडाळ बाई मी, भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत कुणाला सोडत नाही, पण तिथं माझी जीभ उचलली नाही.

तर झालं असं. काल दुपारी पातं उघड्यावर फिरवलं. दुसरं तापवणं केलंच नव्हतं, वेळ नव्हता म्हणे. दात तुटला. हिच्याबरोबरची स्पृहा दाराशी उभी होती, तिच्या कानाची पाळी चिरत दात मागच्या पत्र्यातून आरपार गेला. आठ टाके पडले. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं अलीकडं असता तर डोळा गेला असता. स्पृहाच्या आईनं दवाखान्यात मला विचारलं, की तुमच्या घरात हे दुसऱ्यांदा कसं.

आणि तुझी भाची घरी येऊन काय म्हणाली? पुढच्या वेळी सगळ्यांनी माझ्या मागं उभं राहायचं. म्हणजे पुढची वेळ आहेच. नवा पाटा कापायला घेतलाय. शेडची किल्ली मी लपवली, तर तिनं कुलूप कापलं. तुझंच कटर.

काय करू ते लवकर लिही.
तुझी ताई,
शर्मिला


येरवडा कारागृह
२२ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि. स्पृहाचं वाचून दोन दिवस भाकरी उतरली नाही. जुन्या बाजारात पॉलीकार्बोनेटचे तुकडे मिळतात, बघ. तिच्या सरांना जाऊन भेट. मिस्त्रीला सांगून शेडची वीज तोडून टाक.

पण तुझ्या मनात जे चाललंय ते करू नकोस. तुझं अक्षर मी ओळखतो, तू कागद फाटेल इतकं दाबून लिहिलंस. माझे अकरा महिने राहिलेत. मालक मी होतो, मला तसंही आत यायचंच होतं, दोघांनी कशाला यायचं. तिनं मला वाईट म्हटलं तर म्हणू दे. मला इथं चालतं.

पाय जपून टाक, एवढंच धाकट्याचं मागणं.
तुझा,
समाधान


कर्वेनगर
५ ऑक्टोबर २०२५

चि. समाधान यास,
जय भीम. वि. वि. हे पत्र साहेब आधी वाचतील, वाचू देत.

तुला चालतं, ते मला माहीत आहे. पण तू वाईट म्हणून तिनं तुझं ऐकलं नाही, आणि तुझ्याशिवाय तिला हे शिकवणारं दुसरं कोणी नाही. वीज तोडून काय होणार, ती शेजारून वायर ओढेल. सर आकडे सांगतात, तुटलेला दात त्यांनी बघितलेला नाही.

गेल्या रविवारी सकाळी तिला शेडमध्ये घेऊन गेले. ग्राइंडरवरचं पोतं काढलं. तिला दाखवलं, की हे दोन बोल्ट, तेरा नंबरच्या पान्यानं, मी काढले. मामानं नाही. घासायच्या ब्रॅकेटचं टोक लांब होतं, गार्डात अडकत होतं, प्रत्येक नगाला वाकडं धरावं लागत होतं. मला तेवढा दम नव्हता. गार्ड काढून बाकावर ठेवलं, माझे नग घासले आणि निघाले. परत लावलं नाही. माझ्यानंतर सुदर्शन मशीनवर बसला आणि दगड फुटला. मामा तेव्हा माल पोचवायला कोथरूडला होता. त्यानं पोलिसांना सांगितलं की गार्ड त्यानंच काढलं, आणि मी त्याला सांगू दिलं.

तिनं एकच विचारलं, की परत लावायला किती वेळ लागला असता. मी म्हणाले, पाच मिनिटं. मग घाई कसली होती, म्हणाली. साडेपाचला नळाला पाणी यायचं, समाधान. मला पाणी भरायचं होतं. दुसरं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर माझं कपाट जागेवर नव्हतं. साड्या पलंगावर, घड्या न मोडता. शेडमध्ये कपाट आडवं टाकलेलं, तुझं पत्र दाराला चिकटपट्टीनं लावलेलं. नवं पातं दोनदा तापवलं, निळसर येईपर्यंत. दार बंद करून वीस वेळा फिरवलं. दात शाबूत आहेत. हे मला स्पृहानं सांगितलं. माझ्याशी ती पाणी दे एवढंसुद्धा बोलत नाही, स्वतः घेते.

काल सुदर्शनच्या बायकोकडं, नम्रताकडं गेले. तीन वर्षं तिला बघून रस्ता बदलत होते, काल दारात उभी राहिले आणि सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. सुदर्शन त्या दिवशी डबा अर्धा ठेवून उठला होता, एवढं म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

उद्या सकाळी वकिलाकडं जाते. तू मनाई करशील, पण तुझं उत्तर येईपर्यंत मी जाऊन आलेली असेन. तुझी शिक्षा किती कमी होईल, मला काय होईल, मला कळत नाही, आणि थांबून विचार करत बसले तर जाणार नाही.

आज रात्री जेवताना आम्रपाली सात दिवसांनी बोलली. म्हणाली, सामना तेवीस नोव्हेंबरला आहे, तेव्हा तू बाहेर असशील का हे वकिलांना विचारून ठेव. मी यावं म्हणून विचारलं, की मी येऊ नये म्हणून, ते मला कळलं नाही. तोंडावरून काही दिसत नव्हतं. विचारायचा धीर मला झाला नाही.

लोभ ठेव म्हणायचा हक्क मला नाही. ठेवलास तर घेईन.
तुझी ताई,
शर्मिला