कर्नलचे हेडर आणि काकांचे शर्ट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (टेबलाखाली वायरींमध्ये पालथा पडूनच मोबाइलवर लिहितोय, त्यामुळे तो आपोआप घडला). तुझी मान कशी आहे? दाजींचा खोकला? मी तब्येतीने ठणठणीत, बाकी संपल्यात जमा. फोनच केला असता, पण काका इथेच खुर्ची टाकून बसलेत.

तू काकांच्या दुकानातल्या संगणकात लिनक्स घालून त्याच्या पोटात दुसरा जुना संगणक (खरा नव्हे, पडद्यावरच चालणारा) बसवून दिला होतास ना, भरतकामाच्या मशीनची डिझाइनं काढायला? तो पोटातला बंद पडलाय. मीच पाडला. 'अपडेट करू का' असं बाहेरचा संगणक रोज इतक्या अजिजीने विचारायचा, आणि मला कुणाला नाही म्हणवत नाही (नाहीतर त्या गॅरेजात पैसे घालायला गेलोच नसतो, असो, तो विषय नको). आता पोटातला सुरू करायला गेलं की म्हणतो, चालू कर्नलचे हेडर सापडत नाहीत. कर्नल म्हणजे आतला मुख्य कारभारी, आणि हेडर म्हणजे त्याच्याशी कसं बोलायचं ते सांगणाऱ्या फायली, असं नेटवर वाचलं (वाचता वाचता समुद्री कासवांवर गेलो, तेही सांगेन). हेडर टाकले, काढले, पुन्हा टाकले. येतात ते नव्या कर्नलचे, आणि खुर्चीत अजून जुनाच बसलेला. सगळे म्हणतात, एकदा बंद करून चालू करा, नवा येईल. पण काकांचा नियम तुला ठाऊक आहे: चालती वस्तू बंद करायची नाही. दुकानातला पंखा थंडीतही फिरतो. संगणकाच्या बटणावर तर चिकटपट्टी मारलीय. 'काका, तो चालतच नाहीये हो,' म्हटलं, तर म्हणाले, 'दिवा लागलाय ना? मग चालतंय. तुझं डोकं चालत नाही.'

इकडे कारखान्याच्या शर्टांचे ढीग छातीवर नाव उमटायची वाट बघताहेत, आणि उद्या सकाळी टेम्पो येणार. ऑर्डर गेली तर माळ्यावरचं माझं अंथरूणही गेलं, असं काका अगदी शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर जरा बरं वाटलं असतं.

तुझा धाकटा
(सध्या तरी याच पत्त्यावर)

ता. क. खरं काम हे: काकांना फोन करून सांग की बंद करणं हाही उपचार असतो. तुझं ते ऐकतात.

ता. क. पुन्हा: फोन नको. काकूंनी इस्त्रीसाठी संगणकाचाच प्लग उपटला आणि काका बोंबलायच्या आत परत लावून संगणक चालूही केला. नवा कर्नल आला, हेडर जुळले, मशीन खडखडायला लागलं. काका म्हणाले, 'बघ, कळत्या माणसाचा हात लागला.' आता संगणक काकूंकडे आणि इस्त्री माझ्याकडे. पहिल्याच शर्टावर इस्त्रीचा अख्खा आकार उमटलाय. काकांनी अजून पाहिलेला नाही. तुझ्याकडे किती वाजेपर्यंत आलं तर चालेल?