ओ देऊ नकोस

पिंपळाचा पार, रहाटणी
वैशाख वद्य षष्ठी

प्रिय सोनबा,

तुझ्या शिवेला माझ्या शिवेचा राम राम.

इकडे बरं आहे. माझी शीव म्हणजे आता दोन सोसायट्यांमधली एक भिंत, आणि तिच्यावरही तारा. पिंपळ तेवढा शाबूत आहे. त्याच्या सावलीत रद्दीचं दुकान चालतं, त्यामुळे वाचायची ददात नाही. लोक पुस्तकं, वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल किलोवर विकतात आणि मी फुकट वाचतो. अख्ख्या पंचक्रोशीत माझ्याइतकं वाचलेला दुसरा दगड नसेल. तू हसशील. हस.

आता कामाचं. येत्या अमावस्येला, सूर्य डोक्यावर आला की, माळावर आपल्या राखणदारांची सभा आहे. डोंगरावरचे थोरले, सभेचे म्होरके, स्वतः उतरणार आहेत. सभेच्या वतीनं आणि माझ्या वतीनं तुला आग्रहाचं बोलावणं. फार दिवसांत भेट नाही. जुन्या गोष्टी बोलू.

तू म्हणशील, आजच कशी आठवण झाली? सांगतो. पण आधी मला काही विचारायचं आहे.

शिवेवरचा राखणदार म्हणजे कोण? ज्याला विचारल्याशिवाय संकट गावात शिरत नाही, तो. मग तुझी टेकडी फोडायला यंत्रं आली तेव्हा ती कुणाला विचारून शिरली? झरा बुजला, तुझ्या उतारावर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. आपल्यातल्या कुणाचा दगड गटारात गेला, कुणाचा रस्त्याच्या खडीत. तुला मात्र कंपनीच्या गेटवर संगमरवरी देऊळ मिळालं. चांदीचे डोळे मिळाले. रोज नारळ फुटतात म्हणे. ही मेहरबानी कशाबद्दल, सोनबा?

दुसरी गोष्ट. सभेचा ठराव तुला ठाऊक आहे: परक्यांना शीव नाही. जे बाहेरून आले, ज्यांच्या खोल्यांखाली आपली जमीन गेली, त्यांच्यावर साप येवो की आग येवो, आपण मान फिरवायची. ठराव मी मांडला. त्या दिवशीच्या भाषणानं माळ हलला होता. तू ते पूर्ण ऐकलं नाहीस, मध्येच उठून गेलास. आणि आता कोतवाल खबर आणतो की कुरुळीत कामगारांच्या खोल्यांत सिलिंडर पेटला, पण फुटला नाही. घोणस उंबऱ्यापर्यंत आली आणि आपणहून माघारी वळली. घोणस आपणहून वळते? तिथं कुणीतरी राखण करतंय. कुणाच्या सांगण्यावरून? कुणाच्या फायद्यासाठी?

हे पत्र कोतवालाच्याच चोचीतून येईल. ते काळं पाखरू थोरल्यांचं टपालही आहे आणि थोरल्यांचे डोळेही, हे सगळ्यांना माहीत आहे. माझी हरकत नाही. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

ये. नक्की ये. एकटाच ये.

ज्योतीराम
राखणदार, पिंपळाचा पार
सभेचा वक्ता

*

पिंपळाचा पार, रहाटणी
वैशाख वद्य दशमी

सोनबा,

उत्तर नाही. कोतवाल म्हणाला, देवळाच्या पायरीवर पत्र ठेवलं, आतून हूं की चूं नाही. म्हणून मी स्वतः आलो होतो. पार सोडून, भर उन्हात, हायवेच्या कंटेनरांच्या धुरातून.

आल्यावर रीत पाळली. ती तू विसरला असशील तर आठवण देतो. दुसऱ्याच्या शिवेवर पाहुण्यानं थांबायचं आणि हाक द्यायची, ‘शीव कुणाची?’ धन्यानं ओ द्यायची, ‘शीव माझी.’ तो ‘ये’ म्हणेपर्यंत पाहुण्याचा पाय घोट्यापर्यंत जमिनीत रुतून राहतो. पूर्वी तू मला मुद्दाम ताटकळत ठेवायचास. मी रुतल्या पायानं तिथूनच बोलायला सुरुवात करायचो आणि तू म्हणायचास, “आधी भाषण आवर, मग ये.” एकदा तर ऊन कलेपर्यंत आवरलं नव्हतं.

गेटवर गर्दी होती. ज्ञानेश नावाचा वॉचमन एका टेम्पोवाल्याला अडवून उभा.

“धनेशभाऊ, नवीन गाडी ना? आधी नारळ फोड, मग आत घे.”

“सकाळीच फोडला की राव, निघोज्याच्या गेटवर.”

“तो तिकडचा देव. आमचा वेगळा.”

“देव वेगळा, पण मालक एकच ना?”

दोघं खो खो हसले. मला हसू आलं नाही. टेम्पोवाल्याला जे दिसतं ते तुला दिसत नाही?

मी हाक दिली. पुन्हा दिली. घसा फुटेस्तोवर दिली. तू ओ दिली नाहीस. मग मी सरळ आत चालत गेलो आणि तुझ्यासमोर उभा राहिलो. तोच शेंदूर, तेच रुंद खांदे, आणि त्यावर ते उसने चांदीचे डोळे. मी काय काय बोललो ते तू ऐकलंच आहेस. जमीन विकणाऱ्यांबद्दल मी सभेत जे शब्द वापरतो ते सगळे वापरले, आणि काही जे कधीच वापरत नाही तेही. तू पापणी हलवली नाहीस. एवढा माज?

माणूस विकला गेला तर निदान पोटाचं कारण देतो. दगडाला पोट नसतं, सोनबा. मग तू काय सांगणार आहेस?

अमावस्येला माळावर ये आणि सगळ्यांसमोर तोंड उघड. आला नाहीस तर जे मांडायचं ते मी मांडीन. मैत्री माझ्या जिभेला आडवी येईल या भरवशावर राहू नकोस.

ज्योतीराम

*

वैशाख वद्य चतुर्दशी

सोन्या,

हे पत्र कोतवालाकडे दिलेलं नाही. तुझ्या खोल्यांच्या पाइपात जिचं घरटं आहे त्या साळुंकीकडे दिलं आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून विश्वास. अशी वेळ आली आहे माझ्यावर. अडाण्यावर विश्वास आणि वाचणाऱ्याची भीती.

काल जे झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण उद्या सभेत मी वेगळंच सांगणार आहे. खरं काय घडलं ते कुठेतरी एकदा नीट लिहिलेलं असावं. वाचून झालं की साबणाच्या पाण्यात भिजव.

गेटवरून परतलो, तुला ते जळजळीत पत्र लिहिलं, आणि मग एक गोष्ट खटकायला लागली. माझा पाय रुतला नव्हता. माजलेला राखणदार ओ देणार नाही, हे समजू शकतो. पण तो अडवल्याशिवाय सोडेल का? अडवणं हाच तर माज दाखवायचा सोपा मार्ग. ज्या शिवेत पाहुण्याचा पाय रुतत नाही ती शीव रिकामी असते. मी चांदीच्या डोळ्यांशी भांडून आलो होतो.

मग कोतवालाची नजर चुकवून कुरुळीला आलो. खोल्यांच्या मागच्या बाजूला, जिथं सांडपाण्याची वाट आहे तिथं, सवयीनं पुटपुटलो, ‘शीव कुणाची?’ आणि घोट्यापर्यंत साबणाच्या चिखलात रुतलो.

“थांब तितंच, बोलभांड्या,” तू म्हणालास. “अंगावर फेस उडंल.”

बघतो तर तू उघडा. काळाकुळकुळीत. अंगावर शेंदराचा कण नाही. आणि परभणीकडून आलेली अंबुबाई, शेजारच्या सोजरबाईशी बोलत, तुझ्या पाठीवर नवऱ्याचा कंपनीचा निळा शर्ट आपटत होती.

“सोजरबाई, ह्या दगडावर कपडे कसे चकाचक निघतेत बघा. आमच्या गावाकडं असा दगड न्हवता.”

“दगडाचं काय कौतुक गं? हात तुझे. नवऱ्याला म्हणावं, हातांचा ओव्हरटाइम दे.”

“त्यालाच मिळंना झालाय, मला कुठला देतो!”

तू गालातल्या गालात हसलास. मग त्या गेल्यावर सांगितलंस. जेसीबीचा दात लागला तशी तुझ्या अंगावरची पिढ्यान् पिढ्यांच्या शेंदराची खोळ अख्खीच्या अख्खी सुटून आली. ठेकेदारानं खोळ देव समजून उचलली आणि देवळात बसवली. उरलेला दगड राडारोड्याबरोबर इथं आणून टाकला. दगड जिथं, शीव तिथं.

मी म्हणालो, “मग ओरडला का नाहीस? सभेला का कळवलं नाहीस?”

“वराडनारच व्हतो. तेवढ्यात ही बाई आली. पान्याची बादली वतली, हात फिरवला, म्हनली, चांगला हाय रं दगड. इतक्या वर्सांनी कुनीतरी मला हात लावला, ज्योतीराम. शेंदराला न्हाई.”

“हे परके आहेत.”

“टेकडी ह्यांनी फोडली व्हय?”

“फोडणाऱ्यांकडे राबतात.”

“आन् फोडनारा ऱ्हातो कुटं? दाव मला त्याचा उंबरा, आत्ता सोडतो घोणस. मला तर गावला न्हाई. तुला गावला का, एवढं वाचून?”

मी विषयच बदलला. सभेत असं कधी होत नाही. घाईनं म्हणालो, “हे सगळं अमावस्येला माळावर येऊन बोल.”

“तू बोलावतोस?”

“हो.”

“मंग येतो की.”

किती पटकन म्हणालास रे.

ते पटकन म्हणणंच थोरल्यांना हवं होतं. राखणदार हुकमानं शीव सोडत नाही, धमकीनं सोडत नाही. मित्रानं बोलावलं तरच सोडतो. म्हणून हे काम माझ्यावर आलं. माळावर पाऊल ठेवलंस की तुझा पाय रुतेल, आणि सगळी सभा असेल पण कुणी ‘ये’ म्हणणार नाही. दिवस मावळला की तू कायमचा मुका होशील. नुसता दगड. देवळाच्या पायरीवर पडलेल्या, तुला न मिळालेल्या पहिल्या पत्रातलं ‘जुन्या गोष्टी बोलू’ हे वाक्य थोरल्यांनी सुचवलं. ‘एकटाच ये’ हे माझं स्वतःचं. यात वाईट कुठलं ते तू ठरव. काल साबणात रुतलेला असताना हे सांगायला जीभ उचलली नाही. माझी जीभ!

येऊ नकोस, सोन्या. माझं बोलावणं मी मागे घेतो.

मी बदललो असं समजू नकोस. जमीन गेली आहे, झरा गेला आहे, आणि याचा जाब कुणीतरी दिलाच पाहिजे, हे मी शेवटचा दगड उरेपर्यंत ओरडून सांगेन. तू भोळा आहेस हा संशयही गेलेला नाही. उद्या ह्याच खोल्या पाडायला यंत्रं येतील तेव्हा अंबुबाई बोचकं बांधून निघून जाईल आणि तू पुन्हा राडारोड्यात. पण तो जाब तिच्या लेकराकडून घोणशीच्या दातानं वसूल करावा, हे तुझ्या चिखलात उभं राहून मला म्हणवलं नाही. ठराव मांडताना मी पारावर होतो. पारावरून माणसं लांब दिसतात.

तू विचारशील, मग सभेत माझी बाजू का मांडत नाहीस? मांडली असती. पण संशय पेटलेल्या सभेपुढे पुरावा चालत नाही. ते तिला मीच शिकवलं आहे. सोनबा निर्दोष आहे म्हटलं की पहिला प्रश्न येईल, ‘मग आहे कुठं?’ आणि दुसऱ्या क्षणाला कोतवाल तुझ्या नळावर येऊन बसेल.

म्हणून उद्या मी सांगणार आहे की सोनबा विकला गेला. तो गेटवरच्या देवळात बसला आहे, मी स्वतः पाहून आलो. तिथं पाय का रुतत नाही असं विचारलं तर म्हणेन, विकलेल्याला शीव उरत नाही. कंपनीला धडधाकट कामगार लागतात, म्हणून तिच्या सांगण्यावरून तो खोल्या राखतो. हे त्यांना पटेल. मलाही पटलं होतं. थोरले गेटवर जातील, त्या खोळीला मुकी करतील, आणि तुझं नाव एकेका शिवेवरून पुसलं जाईल. तुझी बदनामी इतक्या चांगल्या मराठीत होईल की पोरासोरांना पाठ होईल. सभेत आजवर मी खोटा शब्द उच्चारलेला नाही. पहिला खर्च करतोय तो तुझ्यावर.

यापुढे जपून राख. आग विझवायचीच तर वाऱ्यावर ढकल. साप उंबऱ्यावरून वळवू नकोस, लांबूनच वळव. लोकांना ते नशीब वाटलं पाहिजे.

आणि एक शेवटचं. थोरले संशयी आहेत, संशय घ्यायला शिकले माझ्याच भाषणांतून. गेटवरून ते मला खोल्यांकडे आणतील आणि हाक द्यायला लावतील. त्यांना बघायचं असेल की माझा पाय रुततो का. मी मोठ्यानं विचारीन, ‘शीव कुणाची?’

ओ देऊ नकोस.

आणि अडवू नकोस. हे तुला जड जाईल, मला माहीत आहे, तुझ्या अंगात सवय आहे. पण माझा पाय रुतला तर दोघंही संपलो, आणि अंबुबाईही. मोकळं रान असल्यासारखं मला जाऊ दे. मी दगडाच्या अंगावरून जाईन, खाली बघणार नाही. बरोबर थोरले असतील म्हणून कदाचित तुझ्या नावानं थुंकेनही. त्यानंतर इकडे फिरकता येणार नाही. कोतवाल माझ्या मागे राहील.

तू नेहमी म्हणायचास, आधी भाषण आवर, मग ये. उद्याचं भाषण मी लवकर आवरणार आहे, सोन्या. पण येणं आता होणार नाही.

आजपासून तुझ्या शिवेला परका,
बोलभांड्या