सुंदरम्मांची आवड

२० जानेवारी
सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली. आता आमच्या गल्लीचं चित्रप्रदर्शन. शुक्रवार पेठेत कित्येक वर्षं चालू आहे. गल्लीतल्याच लोकांनी चित्रं काढायची, या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या बांधून टांगायची, आणि संध्याकाळी प्रत्येक घरानं दुसऱ्याचं एक चित्र वर्षभरासाठी न्यायचं. माझं चित्र दरवर्षी शेजारच्या सुंदरम्मा नेतात. बाईंना नजर आहे. मागच्या वर्षी मी बैल काढला होता. चारचौघांत म्हणाल्या, म्हैस लई छान. शैलीचा प्रश्न आहे.
यंदा संकल्प: रोज पहाटे उठून रंगवणे. मोठा कॅनव्हास. सिद्धेश्वर तलावावरचा सूर्योदय.

२१ जानेवारी
साडेआठला जाग आली. विषय बदलला. सूर्यास्त.

२७ जानेवारी
लाल ट्यूब वाळली. बायको म्हणाली, टोपण लावायचं असतं की. मूड गेला.

२ फेब्रुवारी
सुंदरम्मा लेकीकडे मैंदर्गीला गेल्या, कायमच्या. घराला कुलूप. दिवसभर गच्चीवर फेऱ्या मारल्या. आता माझं चित्र कोण नेणार? कुणीच नेलं नाही तर गल्लीत तोंड कसं दाखवू?
दुपारी ४: उलट बरं झालं. त्यांच्यामुळे बाकीचे संकोचत होते. यंदा झुंबड उडणार.

५ फेब्रुवारी
प्रदर्शन सांभाळणारे महेश्वर मीटिंगला बोलवायला आले. नियम समजून घ्या म्हणाले. मी आजवर एकाही मीटिंगला गेलेलो नाही. कलावंताला नियम कशाला? रंगवायचंय म्हणून सांगितलं आणि खिडकीतून त्यांची मीटिंग बघत बसलो.

८ फेब्रुवारी
एका बैठकीत चित्र पूर्ण. तलाव अगदी हुबेहूब. बायकोनं, शिवलीलानं, विचारलं, कढई कुणाची. आमच्या घरात कलेचं वातावरण नाही.

९ फेब्रुवारी, सकाळ
मोक्याच्या जागी टांगलं. लोक थांबतात. चहाची किटली तिथंच आहे, पण तो योगायोग.

संध्याकाळी ५:३०
समोरच्या काव्यानं काढलेली कोंबडी सगळ्यात आधी गेली. काव्या दुसरीत आहे. असो.

६:००
लोकांची दारं लहान आहेत. एवढं मोठं चित्र आत जाणार कसं?

६:३०
दोरीवर एकच चित्र. माझं.

८:००
महेश्वर जवळ येऊन हळूच म्हणाले, घाबरू नका, आपल्यात कुणाचंच चित्र दोरीवर ठेवत न्हाईत. उरलेलं चित्र गल्लीच्या शेवटच्या घरानं न्यायचं, पहिल्यापास्नं नियम हाय. मी म्हटलं, शेवटचं घर तर सुंदरम्मांचं. ते म्हणाले, व्हय, म्हणून तर दरवर्षी त्या न्यायच्या की. आता तितं कुलूप. शेवटचं घर तुमचं.
सगळी गल्ली बघत होती. सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. फार लाज वाटली. चित्र काढून काखेत मारलं आणि निघालो, तर महेश्वरांनी अडवलं. म्हणाले, नेणाऱ्यानं दोन चांगले शब्द बोलायचे, तोही नियम हाय.
चित्राकडे बराच वेळ बघितलं. शेवटी म्हणालो, मोठं आहे.